उसनी पावलं

बेगडेवाडी, २ डिसेंबर २०२४

चि. कोमल,

आशीर्वाद आणि खुशाली तुला माझ्याकडून नकोच असणार, म्हणून थेट मुद्द्याचं लिहितो. आज पहिला दिवस झाला. दहा हजार दोनशे चौदा पावलं. तुझ्या फोनवर आकडा आला असेलच. तू पाठवलेला, पावलं आणि नाडी मोजणारा काळा पट्टा मनगटावर आहे आणि त्याच्याखाली आत्तापासूनच खाज सुटली आहे.

जावईबापू सत्यमरावांनी पोचवलेल्या तुझ्या अटी मान्य आहेत. तिकीट खिडकीवर एकतीस वर्षं बसलेला माणूस आहे, ठरलेलं कागदावर आलं की मला बरं वाटतं, म्हणून पुन्हा उतरवून काढतो. शंभर दिवस रोज दहा हजार पावलं. पट्टा काढायचा नाही. फोन करायचा नाही, पत्र लिहायचं, कारण तुझ्या मते मी फोनवर सराईतपणे खोटं बोलतो आणि लिहिताना अडखळतो. शंभर दिवस भरले की बारा मार्चला तू ओंकारला घेऊन येणार. नातू दीड वर्षाचा झाला आणि मी त्याला सत्यमरावांनी पाठवलेल्या तीन फोटोंत पाहिलंय. त्यातल्या एकात तर नुसती टोपीच आहे.

प्रज्ञेश नावाच्या पोरानं तळेगावात चालणाऱ्यांचा एक ग्रुप काढलाय, 'ऊठ मावळ्या' नावाचा. त्यात नाव घातलं. एकट्याला उठवत नाही म्हणून. पहाटे सव्वासहाला तीसेक माणसं मैदानात गोळा होतात आणि एकमेकांना मिठ्या मारतात. घामेजल्या मिठ्या! माझ्या उभ्या आयुष्यात मला इतक्या परक्या बगला हुंगाव्या लागल्या नव्हत्या. त्यानंतर दुधी भोपळ्याचा रस देतात. हिरवा, कोमट, वर फेस. मी प्यायलो आणि पारिजातकाच्या झाडामागे जाऊन ओकलो. त्याचीही पावलं मोजली गेली असतील.

तुझ्या आईच्या हाताचा विषय तू काढला नाहीस, मीही काढत नाही. एवढंच म्हणतो की ज्योत्स्नाच्या त्या शेवटच्या, अर्धांगवायूच्या आजारपणात माझीही कंबर धरलेली होती, आणि मी काही रोजच खोटं बोलत नव्हतो.

बाबा


बेगडेवाडी, २४ डिसेंबर

चि. कोमल,

तेविसावा दिवस. वजन चौऱ्याण्णवचं ब्याण्णव. साखर अजून दोनशेच्या वर. तू कळवायला सांगितलं होतंस म्हणून कळवतो.

रविवारी ग्रुपला घेऊन प्रज्ञेश लोणावळ्याला गेला. 'निसर्गात चॅलेंज'. टायगर पॉइंटच्या कड्यापर्यंत चालायचं, तिथे सगळ्यांनी दरीकडे तोंड करायचं आणि 'मी करू शकतो' असं तीनदा ओरडायचं. आम्ही ओरडलो. माझ्या एका बाजूला घोड्याची लीद होती, दुसऱ्या बाजूला कुणीतरी टाकलेला लहान मुलाचा भरलेला डायपर, आणि पायाखाली चावून फेकलेली मक्याची कणसं. माणसं शेकड्यांनी येतात, खातात, हगतात, फोटो काढतात आणि जातात. आमच्यातल्या एका बाईंनी त्या डायपरला जरा बाजूला सरकवून तिथेच सूर्यनमस्काराचा फोटो काढून घेतला. फोटोखाली त्यांनी लिहिलं, 'शुद्ध हवा, शुद्ध मन'.

मला सगळ्याचीच किळस येते आहे, कोमल. त्या रसाची, त्या टाळ्यांची, 'शाब्बास काका' म्हणून पाठीवर थाप मारणाऱ्या त्या पोराची. सर्वांत जास्त स्वतःची. पायऱ्या चढताना माझं पोट माझ्यानंतर हलतं. मांड्या घासून सोलल्यात. अंघोळ करताना मी आता खाली बघत नाही. बासष्टाव्या वर्षी माणसाला कळावं की आपण एवढं चरबीचं गाठोडं होऊन बसलोय, आणि तेही पोटच्या पोरीनं पट्टा बांधल्यावर!

आजपासून ग्रुप सोडला. एकटा चालेन. शिरगावच्या रस्त्यानं.

बाबा


बेगडेवाडी, ६ जानेवारी २०२५

चि. कोमल,

छत्तिसावा दिवस. आता चालणं अंगवळणी पडलंय. सकाळी सहाला निघतो, थंडी बोचरी असते, धुक्यात शिरगावच्या देवळाचे दिवे दिसतात. मधे एकदा एकोणीस हजार पावलं झाली तेव्हा तू 'बाबा??' असा निरोप पाठवलास. वाट चुकलो होतो, दुसरं काही नाही. तुझा तो एक शब्द मी जपून ठेवलाय. दोन वर्षांत तू मला लिहिलेली ती पहिली गोष्ट.

परवा तू फोनवर पाठवलेला शाबासकीचा अंगठाही मिळाला. चालून आल्यावर खाज फार सुटते म्हणून दोनपर्यंत पट्टा काढून ठेवतो, तेवढी सूट दे.

बाबा


त्याच दिवशी, दुपारी. हे पेटीत टाकणार नाही.

कोमल,

खोटं आहे सगळं. धुक्यातले दिवे तेवढे खरे, तेही मी खिडकीतून पाहिले.

ग्रुप सोडल्यावर मी एकटा पाच दिवस चाललो. सहाव्या दिवशी गुडघा दुखतोय असं स्वतःला सांगितलं. गुडघा फार दुखत नव्हता. स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो. तिथे विठ्ठल आला. विठ्ठल म्हणजे आपल्या मागच्या चाळीतला, रेल्वेत किमॅन आहे. रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना टाकून रुळांवरून बेगडेवाडी ते घोरावाडी आणि परत, रूळ धरून ठेवणारी एकेक लोखंडी चावी ठोकून बघत चालायचं, हेच त्याचं काम. तेहतीस वर्षं तो हेच करतोय. तू लहान असताना त्याला 'ठोकठोक काका' म्हणायचीस.

मी त्याच्याकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं. तो चालणारच आहे. रोज. पगार घेऊन. आणि मला तेच चालणं फुकट हवंय. मी म्हणालो, "विठ्ठल, हे जरा मनगटावर बांध. डॉक्टरांनी दिलंय, चालायचं असतं."

"चालायचं तुमी का पट्ट्यानं?" असं तो म्हणाला आणि हसत हसत बांधून गेला.

त्या दिवशी एकोणीस हजार आले. माझी फजिती झाली. आता ठरलंय, दहा हजार भरले की त्यानं पट्टा काढून डब्याच्या पिशवीत टाकायचा, दोन वाजता मला परत द्यायचा. तेवढा वेळ मी घरात बसून असतो. बाहेर पडलं तर कुणी बघेल. तू मला चालायला लावलंस आणि मी उलट घरात कोंडून घेतलंय. काल दोन प्लेट भजी खाल्ली.

मी काय जातीचा माणूस आहे ते मला आज कळलं असं नाही. तरी उद्या सकाळी सहाला मी टपरीवर जाणार आहे, कारण बारा मार्चला तू येणार आहेस.


बेगडेवाडी, १५ फेब्रुवारी

चि. कोमल,

बुधवारी तुझा फोन आला. तूच तुझी अट मोडलीस. पलीकडून तू म्हणालीस, "बाबा, चालणं आत्ताच्या आत्ता थांबवा. रोज सकाळी साडेसहा ते नऊ तुमची नाडी कशीही पळतेय, ताल नाहीये तिला. छातीत धडधडतं का? चक्कर येते का? उद्याच्या उद्या ईसीजी काढा."

मी नुसतं 'बरं, बरं' म्हणालो. तुला वाटलं घाबरलो.

सांगितल्याप्रमाणे गुरुवारी तळेगावला जाऊन ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले हृदय ठणठणीत आहे, वजन तेवढं कमी करा. रिपोर्टचा फोटो तुला पाठवला. तू म्हणालीस, "मग पट्टा खराब असेल. तरी आठवडाभर जपून." मीही म्हणालो, खराबच असेल.

पंचवीस दिवस उरले. ओंकारसाठी लाकडी आगगाडी आणून ठेवली आहे.

बाबा


बेगडेवाडी, १८ फेब्रुवारी, सकाळ

कोमल,

हे पत्र टपालानं पोचेपर्यंत थांबता येणार नाही, म्हणून पानांचे फोटो काढून पाठवतोय. सोबत सहा जानेवारीचं न टाकलेलं पत्रही आहे. आधी ते वाच. मग हे.

वाचलंस? तर ती नाडी माझी नाही. विठ्ठलची आहे.

हे मला बुधवारीच कळलं होतं. तू 'साडेसहा ते नऊ' म्हणालीस त्याच क्षणी कळलं. फोन कानाला लावलेला होता आणि तू घाबरली होतीस. माझ्यासाठी. दोन वर्षांनी तुझा आवाज ऐकला, आणि त्यात काळजी होती, आणि मला ती गोड लागली. दुसऱ्याच्या दुखण्यावरची काळजी मी ओरपून घेतली. आणि वर तळेगावला जाऊन स्वतःचा ईसीजी काढला, चांगला रिपोर्ट तुझ्या तोंडावर टाकला, आणि शुक्रवारी, शनिवारी, रविवारी, सोमवारी तोच पट्टा पुन्हा त्याच्या मनगटावर बांधला. सहा दिवस झाले. त्यातले चार दिवस मी सकाळी माझ्या हातानं त्याच्या पट्ट्याचं बक्कल लावलंय. त्याच्या नाडीच्या वर.

काल दोन वाजता तो आला तो भिंतीला धरून. पट्टा माझ्या हातात दिला आणि उंबऱ्यावरच बसला. घोरावाडीच्या अलीकडे डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून खडीवर बसला होता म्हणे. बसला तो रुळाच्या बाहेर बसला, हे नशीब. पाचच मिनिटांत गाडी गेली.

मी त्याला सगळं सांगितलं. चहा गार झाला तरी सांगत होतो. वाटलं, शिव्या देईल, पट्टा तोंडावर फेकेल. तो उलट मलाच समजावायला लागला.

"भाऊ, मला म्हाईत हाय काळजाचं," तो म्हणाला. "दिवाळीपासनं चाल्लंय. फडफड व्हती, मग र्‍हाती."

"मग डॉक्टरकडे का गेला नाहीस?"

"रेल्वेच्या डाक्तरकडं? मेडिकलमदी नापास केलं का लाईनीवरून काढत्यात. हापिसात बसवत्यात, सायबाला पानी द्यायला. तेहतीस वर्सं हातोडा उचलला, आता ट्रे उचलू व्हय? सात म्हैने राह्यलेत. तेवढं निघत्यात."

"आणि नाही निघाले तर?"

त्यानं गार चहा एका घोटात संपवला. मग म्हणाला, "तुमची पोर येतीय ना नातवाला घिऊन? मंग कशाला माती खाता. तुमी गप, मी गप. दोगांचंबी भागतंय."

कोमल, माझ्यासारख्या माणसाला याहून सोपी सोय कुणी करून दिली नसती. ज्याचा जीव जायचा तोच म्हणतोय, गप बसा. मी काल रात्रीपर्यंत त्या सोयीभोवती घुटमळलो. पंचवीस दिवसांचे तेवीस झाले होते. पट्टा खराब आहे हे तू मान्यच केलं होतंस. मी मनात असाही हिशेब मांडला की तू येऊन गेलीस की तेरा तारखेला सांगू. तेवढे दिवस तो टिकेल. मी खरंच असं म्हणालो, मनात, 'टिकेल'. आणि मग मला विठ्ठलची बायको, आपल्या शालूवहिनी दिसल्या. नळावर हंडा घासत होत्या. त्यांना काहीच माहीत नाही. त्यांनी विचारलं, "भाऊ, कोमल कधी येतीय? पुरनपोळी करीन तिच्यासाठी."

आज सकाळी टपरीवर गेलो आणि पट्टा बांधला नाही. विठ्ठलनं हात पुढे केला होता. मी म्हणालो, "आज कोमलला सांगतोय." तो हातोडा उचलून ड्युटीवर निघून गेला. मी अडवू शकलो नाही. तो आत्ता रुळांवर आहे. तू फिजिओ असलीस तरी तुला हॉस्पिटलातली माणसं माहीत आहेत, कुठे न्यायचं, कुणाला दाखवायचं, ते मला समजत नाही, आणि तो माझं ऐकणार नाही. तुझं ऐकेल. त्याला फोन कर. शालूवहिनींचा नंबर खाली लिहिला आहे.

बारा मार्चचं काय ते मला कळलंय. ते लिहू नकोस.

बाबा


बेगडेवाडी, २ मार्च

कोमल,

तू वीस तारखेला आलीस. गुरुवार होता, शिरगावच्या देवळात दर्शनाला जाणाऱ्यांच्या गाड्यांनी सोमाटण्यापासून रस्ता तुंबला होता, म्हणून तुम्हाला उशीर झाला हे मला नंतर शालूवहिनींकडून कळलं. तू विठ्ठलच्या खाटेवर पाऊण तास बसलीस. त्याचं मनगट धरून, डोळे मिटून. मी दारात उभा होतो. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस आणि ते बरोबरच होतं, मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

"मी न्हाई येनार," विठ्ठल म्हणत होता.

"काका," तू म्हणालीस, "तुम्ही खाली बसलात तो रुळाच्या बाहेर बसलात. पुढच्या वेळी कुठे बसाल ते तुमच्या हातात नाही. ड्रायव्हरच्या डोक्यावर कशाला टाकता?" तेव्हा कुठे तो उठला. तेहतीस वर्षांत त्यानं गाडीला कधी त्रास दिला नव्हता.

पुण्याचे डॉक्टर म्हणाले की काळजाच्या वरच्या कप्प्यात ताल बिघडलाय, रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जायला वेळ लागला नसता. आता गोळ्या आहेत. मेडिकलमध्ये नापास झाला. तो म्हणाला होता तसंच झालं, त्याला ऑफिसात बसवणार आहेत. काल मी भेटायला गेलो तर त्यानं भिंतीकडे तोंड केलं. शालूवहिनींनी मात्र चहा दिला. त्या म्हणाल्या, "तुमी सांगितलं म्हून हायेत ते," आणि पुढे म्हणाल्या, "पन आठ दिवस आदी का न्हाई वो सांगितलं?" मी चहा तसाच ठेवून उठलो.

तू आलीस तेव्हा ओंकार गाडीत झोपला होता. सत्यमराव बाहेर येऊन उभे राहिले, बिचारे काय बोलावं म्हणून हवापाण्याचं बोलले. मी काचेतून पाहिलं. त्याचं कपाळ तुझ्या आईचं आहे.

निघताना तू दारापाशी थांबलीस आणि एकच प्रश्न विचारलास. "आईचा व्यायाम खरंच कधी करून घेतलात का? एक दिवस तरी?" मी दाराची कडी चाळवत राहिलो. तू थोडा वेळ वाट पाहिलीस आणि गेलीस. लिहिताना मी अडखळतो असं तू म्हणतेस. हे पत्र मी सहा वेळा फाडलंय.

तर उत्तर. एकोणीस दिवस करून घेतला. तू शिकवलास तसाच, दोन्ही वेळा, एकेक बोट वीस वेळा उघडून. विसाव्या दिवसापासून नाही. कंबर धरली होती हे मी सगळ्यांना सांगितलं, तुलाही, पहिल्या पत्रातही. कंबर धरलेली नव्हती.

मला तिच्या हाताची किळस यायची.

तो हात मिटलेला असायचा आणि उघडला की आतून आंबूस वास यायचा. बोटं उघडताना तिच्या तोंडातून लाळ गळायची, ती माझ्या बाहीवर पडायची. मी पुसायचो आणि मला ओकारी यायची. चौतीस वर्षं त्याच हाताची भाकरी खाल्ली होती. विसाव्या दिवशी मी उद्या करू म्हणालो. एकविसाव्या दिवशीही म्हणालो. पुढे तो हात इतका घट्ट झाला की उघडायची भीतीच वाटायला लागली, नखं आत रुतत होती ते मला दिसत होतं. चार महिन्यांनी तू येऊन तो हात उघडलास तेव्हा आतली जखम तू पाहिलीस. मी ती तुझ्या आधी पाहिली होती.

आणि अजून एक आहे. हे तुला कुणीच सांगू शकणार नाही, कारण खोलीत आम्ही दोघंच असायचो. तू रोज संध्याकाळी सातला नाशिकहून फोन करायचीस. म्हणायचीस, "बाबा, फोन स्पीकरवर ठेवा, मला आकडे ऐकू द्या." मी फोन तिच्या उशाशी ठेवायचो, खुर्चीत मागे टेकून बसायचो, आणि मोठ्यानं मोजायचो. एक, दोन, तीन, वीसपर्यंत. मग पुढचं बोट, म्हणून पुन्हा एक. हात मांडीवर ठेवलेले असायचे, माझे. तू पलीकडून म्हणायचीस, "शाब्बास आई, छान करतेयस."

त्या वेळी ती जागी असायची. तिला सगळं समजत होतं, हे तूच मला सांगितलं होतंस, फक्त बोलता येत नाही म्हणाली होतीस. ती तुझा आवाज ऐकायची आणि माझ्याकडे बघत राहायची. आणि मी तिच्या डोळ्यांत बघत शंभर पुरे करायचो.

बाबा